मावशीचं दुखणं: दहापैकी दोन

धंतोली, नागपूर
मार्गशीर्ष, रविवार, १९५८

तीर्थरूप सौ. यमुताईस,

धाकट्या अरुंधतीचा वाकून नमस्कार, आणि नमस्कार पुरा होताच भांडण. तुझ्या बोटांचा संधिवात कसा आहे, भाऊजींचा खोकला थांबला का, इंदुरात थंडी पडली की नाही, हे सगळं मला मनापासून जाणून घ्यायचं आहे, पण त्याची उत्तरं तू सावकाश दे. आधी तुझ्या मुलाविषयी ऐकून घे. (तो खुशाल आहे. अंगाने भरला आहे. माझ्या हातची भरली वांगी मागून मागून घेतो. तेव्हा घाबरू नकोस. पण त्याची दृष्ट काढायच्या तयारीलाही लागू नकोस, कारण ह्या पत्रात त्याची स्तुती कुठेही येणार नाही.)

एरवी मी त्याला शरू म्हणते हे तुला ठाऊक आहे. तू विषमज्वरातून उठत होतीस तेव्हा तो वर्षभर माझ्याकडे राहिला, तेव्हापासून तो माझा शरूच आहे. आम्हांला मूल नाही म्हणून नव्हे. तो होताच तसा, मोठ्या कपाळाचा आणि सारखे प्रश्न विचारणारा. पण आज मी त्याला डॉक्टर शरच्चंद्र म्हणणार आहे, कारण मी रागावले आहे. रागाचं कारण असं, की माझ्या उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली, दसऱ्यापासून दुखतं आहे, आणि तुझ्या विलायतेहून आलेल्या मुलाने त्या दुखण्याला दहापैकी दोन गुण दिले आहेत. दिले म्हणजे, सांगितले मीच. पण त्याने ते लिहून घेतले ना? माझं म्हणणं असं, की गुन्हा सांगणारीचा नाही, लिहून घेणाऱ्याचा आहे.

मुळापासून सांगते. गेल्या पाडव्याला आमच्या पुढच्या खोलीत त्याने दवाखाना उघडला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. राजधानी मुंबईला गेल्यापासून आमची धंतोली कशी सुनी सुनी झाली आहे. ह्यांच्या सचिवालयातली अर्धी मंडळी तिकडे गेली, काही भोपाळला गेली, आणि आमचे हे पेन्शन घेऊन व्हरांड्यात आले. त्या पुढच्या खोलीत माझी कॉन्व्हेंटातली बक्षिसाची पुस्तकं होती, बाबांची आरामखुर्ची होती, ती सगळी मी हसतमुखाने मागच्या खोलीत ढकलली. मग औषधांच्या बाटल्या आल्या, हिरवा पडदा आला, तपासायचं उंच टेबल आलं, आणि शेवटी सुताराकडून एक लांब फळी आली. पांढरा रंग दिलेली, तिच्यावर आडवी काळी रेघ, रेघेच्या एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा, मधे बाकीचे आकडे. मला वाटलं छत्र्या-टोप्या टांगायला केली असेल, म्हणून मी खुंट्या कधी बसणार असं विचारलं. तेव्हा त्याने मला खुर्चीवर बसवून समजावलं. मावशी, ताप मोजायला काचेची नळी आहे, रक्तदाबाला पट्टा आहे, वजनाला काटा आहे, पण दुखणं मोजायला यंत्र नाही. म्हणून ज्याचं दुखतं तोच यंत्र. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे ह्याच्यापुढे दुखणं असूच शकत नाही. रोग्याने आकडा सांगायचा, आपण लिहायचा, औषध द्यायचं, आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं. इतकं सुंदर बोलला, ताई, की मला भरून आलं. जगातली माणसं कुठे काय दुखतं हे इतक्या मायेने विचारायला लागली आहेत, असं वाटून मी त्या दिवशी शिरा केला.

पहिला धक्का मौद्याच्या नत्थूजींनी दिला. (हे धानाचे शेतकरी. आमचा वर्षाचा तांदूळ त्यांच्याकडून येतो.) कंबर धरून आले. डॉक्टरसाहेबांनी फळी दाखवून सगळं प्रवचन केलं. नत्थूजींनी ते कीर्तन ऐकावं तसं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आठ आणे धरा जी." आता तुला सांगायला हवं, की आमच्याकडे पीक आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे भरपूर, आठ आणे म्हणजे निम्मं. सरकारने नवे पैसे काढले, रुपयाचे शंभर केले, पण शेतातलं धान अजून सोळावरच थांबतं. म्हणजे नत्थूजींची कंबर निम्मी दुखत होती, फार नाही. पण इंदुरात वाढलेल्या आणि लंडनात शिकलेल्या माणसाला हे कुठून कळणार? त्याने दहापैकी आठ लिहिले आणि आठाच्या मानाची सुई टोचली. नत्थूजी इथून मौद्याच्या मोटारीत बसले ते भंडाऱ्याला जागे झाले. पुढल्या खेपेला आले तेव्हा तक्रार अशी नव्हतीच, म्हणाले, "कंबर तं बरी झाली डाक्टरसाहेब, पन मौदा राहून गेलं." त्या दिवसापासून फळीच्या खाली तांबड्या अक्षरांत लिहिलं आहे: आणे चालणार नाहीत.

मग आली रुख्माबाई. (उमरेडच्या विणकर घराण्यातली. माझी घरात नेसायची लुगडी तिच्याच मागावरची असतात, आणि तीच ती डोक्यावर घेऊन येते.) तिचा खांदा भरून आला होता. डॉक्टर म्हणाले, आजवर सगळ्यांत जास्त कधी दुखलं ते आठवा, त्याला दहा समजा. रुख्माबाई म्हणाली, "सहा बाळंतपनं झाली. कोनतं धरू?" डॉक्टर म्हणाले, त्यातलं सगळ्यांत कठीण धरा. तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं, ताई, जसं आपण लहान मुलाने मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातल्यावर पाहतो. "तुमी काहून विचारून राहिले जी? सांगतलं तं तुमाले समजनार हाय का?" आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून, "बाई, याचं लगन करून टाका वं आधी. मंग मोजू द्या याले." व्हरांड्यात बसलेले सगळे रोगी आपापली दुखणी विसरून हसले. डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी तिच्या नावापुढे एक आडवी रेघ मारली आणि शेकायला मीठ दिलं.

आणि चंपतराव! गांधीबागेत त्यांची कापडाची पेढी आहे, आणि त्यांनी उभ्या जन्मात कुणाला पहिला भाव खरा सांगितलेला नाही. अर्धं डोकं दुखतं म्हणून आले. विचारल्याबरोबर म्हणाले, "दहा." डॉक्टरांनी नुसत्या भुवया वर केल्या. "बरं, तुमच्यासाठी नऊ," चंपतराव म्हणाले. डॉक्टर त्यांच्या डोळ्यांत बॅटरीने पाहत होते म्हणून गप्प होते. त्या गप्पपणाचा अर्थ चंपतरावांनी आपल्या धंद्याप्रमाणे घेतला. "चला, आठ. पण ह्याच्या खाली नाही जमायचं." डॉक्टर हात धुवायला उठले. गिऱ्हाईक उठून चाललं की जो आवाज निघतो त्या आवाजात चंपतराव म्हणाले, "अहो, साडेसातला सोडतो, बसा तर खरं!" डॉक्टर शरच्चंद्रांनी ह्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढून ती लिहिली. आणि ह्याला तो शास्त्र म्हणतो. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि माझ्या मनात आलं, की साडेसात तर साडेसात, पण त्या गृहस्थाच्या डोक्याला कुणी हात तरी लावला का?

एवढ्यावर थांबला असता तरी मी गप्प राहिले असते. पण त्याने नियम केला, की ज्याचा आकडा मोठा त्याला आधी आत घ्यायचं. नियम दयाळूपणाचा होता, नाही म्हणत नाही. पण आमच्या शेजारच्या शोभाताईंचा त्याला हिशोब नव्हता. त्यांच्या पायाच्या करंगळीला एक कुरूप आहे. पहिल्या दिवशी त्या प्रामाणिकपणे चार म्हणाल्या आणि चंपतरावांच्या मागे ताटकळल्या. पुढल्या वेळी सहा म्हणाल्या. आता त्या फाटकातूनच "पावणेदहा!" असं ओरडत येतात, उंच टाचेचे सँडल वाजवत, आणि सरळ आत जातात. त्यांचं पाहून बाकीचेही चढले. आता व्हरांड्यात बसलेली माणसं एकमेकांना गाव विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, "तुमचं किती?" असं विचारतात, आणि कुणी पाच म्हणालं तर बाकीचे त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहतात. दिवाळीनंतर धंतोलीत दुखण्याचं मान फार वाढलं आहे, असं डॉक्टर शरच्चंद्र परवा गंभीरपणे जेवताना सांगत होते. थंडीचा परिणाम असावा, असा त्यांचा कयास आहे.

ह्यांचं तर विचारूच नकोस. जन्मभर आकडे लिहिलेला माणूस, पेन्शनीत त्याला आकडे कुठून मिळणार? ह्यांना ही फळी म्हणजे पर्वणीच झाली. आमटीचा पहिला भुरका घेतला की हे डोळे मिटतात आणि "साडेसहा" म्हणतात. मी विचारलेलं नसतं. नव्या चादरीला सात, आकाशवाणीवरच्या गाण्याला तीन, मोलकरणीच्या घासलेल्या भांड्यांना पाच. एक दिवस चहाला चार मिळाले. तो उतू गेला होता, कारण मी ओट्याला धरून उभी होते आणि माझ्या कुशीतली कळ ओसरायची वाट पाहत होते. चहाला चार दिले. ओट्याला धरून का उभी आहेस, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, ती गोष्ट वेगळी. पण विचारायला नको?

आता माझं. दसऱ्यापासून दुखत होतं, मी लपवलं. कुशीतून निघतं आणि पाठीमागून उजव्या खांद्यापर्यंत जातं. तुपाचं, तळलेलं खाल्लं की जास्त. दिवाळीत चकल्या तळताना मला पाटावर बसून राहावं लागलं आणि ते नेमकं डॉक्टर शरच्चंद्रांनी पाहिलं. हात धरून दवाखान्यात नेलं. (शोभाताईंच्या नंतर. नियम म्हणजे नियम.) टेबलावर निजायला सांगितलं, पोट तपासायचं म्हणाला. मी पदर आवळून घेतला. ज्याला मी न्हाऊ-माखू घातलं त्याने माझं पोट दाबून पाहायचं, हे माझ्या मनाला पटेना, आणि टेबल तर इतकं उंच, की वर चढायला स्टूल. मग तोही लाजला आणि म्हणाला, बरं राहू दे, आकडा तर सांग. हे बाजूच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे कान देऊन ऐकत होते.

ताई, तू मला सांग, मी काय सांगायला हवं होतं? आपल्या कॉन्व्हेंटातली मदर बर्नाडेट आठवते ना? पटांगणात कुणी पडलं, गुडघा फुटला, रडत तिच्याकडे गेलं, की ती आयोडीन लावायची, आणि भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवून हळूच विचारायची, ह्या खिळ्यांपेक्षा जास्त दुखतंय का तुला? आपण दोघी ब्राह्मणाच्या मुली, घरी जाऊन तुळशीला पाणी घालणाऱ्या, पण खाली मान घालून "नो, मदर" म्हणायचो. मदर वाईट नव्हती. तिच्या हाताला साबणाचा आणि मेणबत्तीचा वास यायचा, तो मला अजून आवडतो. पण माझी फळी तिने तेव्हाच रंगवून ठेवली होती, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. दहावर तर तो क्रूस. तिथे मी कशी बसणार? नऊवर आई. आठवर सासूबाई, ज्यांनी उकळत्या वरणाने हात भाजलेला असताना पंगत उठेपर्यंत वाढलं. सातवर रुख्माबाई, तिच्या सहा बाळंतपणांसकट. सहावर ह्या घरातल्याच एक काकू, ज्या दुखणं अंगावर काढूनच गेल्या आणि ज्यांचं नावसुद्धा कुणाला धड आठवत नाही. अशी एकेक पायरी उतरत गेले आणि मला रिकामी जागा दिसली ती दोनवर. शून्य म्हणता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलायचं नाही हेही मदरनेच शिकवलेलं.

तर मी दोन म्हटलं. आणि त्याने दोन लिहिले!

हा माझा खरा राग आहे, ताई. आपल्या घरी पाहुणा "पुरे, पुरे" म्हणाला म्हणून कुणी पोळीचं ताट उचलून आत नेतं का? आपण म्हणतो, अहो एवढीशीच, आमच्या हाताला चव नाही का, आणि वाढतो. पाहुण्याला पोळी हवीच असते. पहिलं नाही हे नुसतं दार असतं, ते लोटायचं असतं. हे शरूला मी शिकवलं होतं, तुझ्याकडेही त्याने पाहिलं आहे. पण विलायतेत चार वर्षं राहिला आणि तिथे म्हणे एकदा नाही म्हटलं की समोरचा खरंच ताट उचलतो. तसं त्याने माझं दुखणं उचललं. एकदा तरी म्हणायचं, मावशी, दोन कसले, नीट सांग. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर मी तीन-चार म्हणाले असते. तिसऱ्यांदा, पाठीवर हात ठेवून विचारलं असतं, तर मी रडले असते आणि आकड्याची गरजच पडली नसती. पण नाही. त्याचा नियम असा, की पाचाच्या वर असेल तर हॉस्पिटलात नेऊन आतला फोटो काढायचा, आणि पाचाच्या खाली असेल तर पांढरी पूड. मला पूड मिळाली. चवीला खडूसारखी लागते.

आणि पुढचं तर मला लिहितानाही संताप येतो, तो मात्र कुणाचा ते मी सांगत नाही. आठवड्याने त्याने पुन्हा विचारलं. हातात पेन्सिल, डोळ्यांत अशी आशा, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा असल्यासारखा. पुडीने काडीइतकाही फरक पडला नव्हता. पण पोराने एवढ्या विश्वासाने दिलेली, ताई! मी दीड म्हटलं. त्याचा चेहरा असा उजळला, की पुढल्या आठवड्यात मला एक म्हणणं भागच होतं. आता त्याने चौकटींच्या कागदावर माझ्या दुखण्याचा आलेख काढला आहे. रामटेकच्या गडावरून खाली यावं तशी रेघ उतरत आली आहे, आणि मी आतून त्याच पायऱ्या वर चढते आहे. येत्या शनिवारी डॉक्टरांच्या सभेत तो ह्यावर निबंध वाचणार आहे. त्यात माझं नाव नाही. मी "रोगी क्रमांक अकरा, प्रौढ स्त्री" आहे. घरच्या मावशीला अकरावा क्रमांक! शोभाताईंचं कुरूप तिसरं आहे.

परवा वरण-भातावर तूप घेतलं, नको नको म्हणताना ह्यांनीच वाढलं, आणि पहाटे अशी कळ आली की मी उशीचं टोक तोंडात धरलं. घामाने अंथरूण भिजलं. ऊन आल्यावर आरशात पाहिलं तर डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीचं बोट लागल्यासारखं दिसलं. नाश्त्याला डॉक्टर शरच्चंद्र भराभर पोहे खात होते, निबंधाचे कागद समोर, मान खाली. "मावशी, आज?" म्हणाले. मी एक म्हटलं. "शाब्बास!" म्हणाले. ताई, शाब्बास! वर पाहिलं असतं तर डोळे दिसले असते. आकडा कळला की माणसाकडे पाहायचं राहूनच जातं, हे त्या निबंधात लिहिलं आहे का, एवढं त्याला कुणी विचारावं.

तुला आईचं आठवत असेल. तीही अशीच उजव्या कुशीला गरम पाण्याचा तांब्या लावून स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसायची, आणि आपण दोघी शाळेची रिबन बांधून घ्यायला तिच्यापुढे पाठ करून बसायचो. डॉक्टर आले होते ते माजघराच्या दारापर्यंत. त्यांनी विचारलं ते बाबांना, आणि बाबांनी सांगितलं, "थोडं पोट दुखतं तिचं." थोडं! आईचा आकडा बाबांनी सांगितला, तोही अंदाजाने. पुढचं मी लिहीत नाही. तू शेवटपर्यंत तिच्या उशाशी होतीस, मला धाकटी म्हणून मामांकडे पाठवलं होतं. तिला कुणी विचारलं नाही, ह्याचा राग मी इतकी वर्षं मनात ठेवला. आणि मला, ताई, मला स्वतःला विचारलं. दाराबाहेर उभं राहून नव्हे, समोर बसून, मावशी म्हणून. घरातल्या कुठल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं ते मला विचारलं, आणि मी दोन म्हटलं. हा राग मी कुणावर काढू? आरशावर काढून झाला. ह्यांच्यावर काढला तर हे त्याला गुण देतील. म्हणून डॉक्टर शरच्चंद्रावर काढते आहे, आणि तू त्याची आई आहेस म्हणून थोडा तुझ्यावर.

भाऊजींना नमस्कार सांग. तुझ्या बोटांना एरंडेल लावत जा, आणि पत्र लिहिताना त्रास होत असेल तर दोनच ओळी लिही, मला तेवढ्या पुरतात.

तुझी धाकटी,
अरुंधती

ता. क. सहज सुचलं म्हणून लिहिते. तू शरूला एक कार्ड टाकशील का? आपल्या मनाने लिहिल्यासारखं लिही, माझं नाव घेऊ नकोस. त्याला आईच्या दुखण्याची हकिगत सांग, ती त्याला कुणी सांगितलेली नाही. आणि लिही, की तुझी मावशी काहीही म्हणाली तरी तिला घेऊन जा आणि तो आतला फोटो काढ.

ता. क. दुसरा. आकडा त्याला हवाच असला तर आठ म्हणून कळव. जेवणानंतर नऊ. पहाटेचा मी सांगत नाही, ती जागा माझी नाही.

ता. क. तिसरा. वरचे दोन्ही ता. क. सोडून दे. पत्र इंदूरला जाणार, तू चष्मा शोधणार, भाऊजी कार्ड आणणार, ते इथे येणार, एवढा वेळ मला आहे असं आता वाटत नाही. आज दुपारी उठून सरळ उभं राहता येईना. आपल्याकडे पत्र कुणीही लिहिलं तरी खालच्या कोऱ्या जागेत घरातल्या प्रत्येकाने आपल्या चार ओळी घालायच्या असतात, आणि घालण्याआधी वरचं सगळं वाचायचं असतं, ही पद्धत बाबांनी पाडली ती बरी झाली. शरूने ह्या महिन्यात तुला लिहिलेलं नाही. त्याच्यासाठी जागा सोडली आहे. पत्र पाकिटात न घालता त्याच्या टेबलावर, फळीच्या खाली ठेवते आहे. तुला लिहिलेलं त्याने वाचलं तर त्याला मी काय करणार?

आई, साष्टांग नमस्कार. पत्र पहिल्या शब्दापासून वाचलं. मावशीने पदर आवळला, पण ह्या वेळी मी ऐकलं नाही. हात लावून तपासलं. पित्ताशयात खडे असावेत, आणि कावीळ सुरू झाली आहे. हॉस्पिटलातल्या मोठ्या सर्जनांना निरोप गेला आहे, ते वाट पाहत आहेत. उशीर झालेला नाही असं मला वाटतं. तू मात्र मिळेल त्या गाडीने ये. आजीचं मला माहीत नव्हतं. काका मावशीचं अंथरूण बांधताहेत. तांगा फाटकाशी उभा आहे. मावशी त्यात बसली आहे आणि मोठ्याने सांगते आहे की आता अगदी थांबलं, एकसुद्धा नाही, रविवारचा त्या सर्जनांना उगाच कशाला त्रास, उद्या सकाळी जेवून निघू. तांगेवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, की बाई वाटेत काहीही म्हणाल्या तरी घोडा थांबवायचा नाही. निघतो.

शरू